दोन नंबर घट्ट

पुण्याजवळच्या मारुंजीत रात्री साडेअकरानंतर युद्ध पेटतं. दिवसभर हिंजवडीच्या फेज थ्रीमध्ये परदेशी क्लायंटच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारी चार तरुण माणसं चौदाव्या मजल्यावर हेडफोन चढवतात, पॅराशूटने एका बेटावर उतरतात आणि पाच मिनिटांत त्यांच्यात कडाक्याचं भांडण जुंपतं: एसएलआर रायफलीच्या तोंडाला कॉम्पेन्सेटर बसवायचा की सप्रेसर? बीजीएमआय हा त्यांचा खेळ 2021 च्या जुलैत भारतात आला, पुढच्या जुलैत सरकारने तो बंद पाडला आणि 2023 च्या मेमध्ये तो परतला. मधल्या दहा महिन्यांत ही मंडळी वेळेवर झोपली असती तर नवल. त्यांनी दुसरं बेट शोधलं.

त्याच इमारतीच्या गेटवर रजिस्टर, टॉर्च आणि प्लॅस्टिकची खुर्ची एवढ्या शस्त्रसामग्रीनिशी बसलेले काका कित्येकदा माजी सैनिक असतात. डिलिव्हरीवाल्याला 'कुठला फ्लॅट?' विचारताना त्यांच्या आवाजात अजून परेड ग्राउंड असतं. चौदाव्या मजल्यावरचे वीर जिला एसएलआर म्हणतात, ती या काकांनी ऐन उमेदीची वर्षं खांद्यावर वाहिलेली असते. वरच्यांना तिचं डॅमेज तोंडपाठ, खालच्यांना तिचं वजन. पार्सल घ्यायला खाली आलेल्या एखाद्या वीराने विचारलंच, "काका, एसएलआरचा रिकॉइल कसा असतो हो?" तर उत्तर येतं, "साहेब, ते खांद्याला विचारा."

खेळातल्या एसएलआरला चार ठिकाणी जोडणी करता येते. तोंडाला काहीतरी, मॅगझिनला काहीतरी, वर दुर्बीण आणि दस्त्याला गालाची गादी. खऱ्या एसएलआरला यातलं जवळजवळ काहीच मिळत नसे. तिला मात्र एक गोष्ट होती जी खेळ बनवणाऱ्यांच्या ध्यानातच आली नाही: नळीवर बसवलेली, आकडे कोरलेली, फिरवता येणारी एक छोटीशी कडी. गॅस रेग्युलेटर. जवानाने आपल्या रायफलीत खरोखर कसली 'सेटिंग' बदलली असेल तर ती हीच. आणि नेमकी तीच मारुंजीच्या आकाशात उपलब्ध नाही.

या कडीचं काम समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, आणि ते मारुंजीत विशेष नमूद करायला हवं. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागे जळत्या दारूचा वायू प्रचंड दाबाने धावत असतो. नळीला वरच्या बाजूने एक बारीक भोक पाडलेलं असतं. गोळी त्या भोकाच्या पुढे सरकली की थोडा वायू तिथून वर निसटतो, एका पिस्टनला धक्का देतो, पिस्टन ब्रीचब्लॉकला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग सगळं परत पुढे लोटते आणि जाता जाता मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये जातं. माणसाने फक्त पुन्हा चाप ओढायचा. सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते हेच. जुन्या थ्री-नॉट-थ्रीमध्ये प्रत्येक गोळीमागे बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागे. इथे ते कष्ट चोरलेला वायू करतो. गोळी नळीतून बाहेर पडायला एकूण लागतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा वेळ. चोरी त्याच्याही एका तुकड्यात उरकायची असते.

प्रश्न इतकाच की चोरायचा किती? कमी चोरला तर पुंगळी अर्धवट बाहेर येऊन दारातच अडकते. जास्त चोरला तर ब्रीचब्लॉक इतक्या त्वेषाने मागे आदळतो की खांदा, स्प्रिंग आणि रायफलीचं आयुष्य तिघांनाही त्याचा हिशोब द्यावा लागतो. शिवाय 'बरोबर किती' हे कायमचं ठरत नाही. काडतुसाचा एक लॉट थोडा जोरकस निघतो, दुसरा थोडा शांत. थंडीत तेल घट्ट होतं. पावसाळ्यात चिखल आत शिरतो, उन्हाळ्यात धूळ. आणि शंभरएक गोळ्यांनंतर त्याच वायूची काजळी त्याच भोकाभोवती बसते, म्हणजे चोर स्वतःच आपली वाट बुजवत जातो.

बेल्जियमच्या एफएन कंपनीतला दिएदोने सेव्ह हा अभिकल्पक या प्रश्नावर शांतपणे बसला. एफएएल ही त्याची रायफल. त्याने भोक सढळ ठेवलं आणि जादाचा वायू बाहेर सोडायला एक खिडकी दिली. कुकरची शिट्टी जे काम करते तेच. कडी आवळली की ती खिडकी मिटते, सैल केली की उघडते. खिडकी उघडी म्हणजे वायू बाहेर, पिस्टनला हलका धक्का. खिडकी बंद म्हणजे सगळा वायू पिस्टनच्या वाट्याला. बेल्जियन नमुन्यावर यासाठी 1 ते 7 आकडे होते. म्हणजे कडी 'घट्ट' केली की गॅस वाढतो, 'ढिली' केली की कमी होतो. स्वयंपाकघरातल्या कोणत्याही बटनाच्या सवयीशी हे विसंगत आहे आणि पुढच्या पन्नास वर्षांतल्या बऱ्याच गोंधळाची मुळं इथे आहेत.

नव्वदहून अधिक देशांनी एफएएल किंवा तिची भावंडं वापरली. 1982 मध्ये फॉकलंड बेटांवर ब्रिटन आणि अर्जेंटिना एकमेकांसमोर उभे ठाकले तेव्हा दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हातात याच घराण्याची रायफल होती. दक्षिण अटलांटिकच्या गारठ्यात दोन्ही सैन्यांतली गारठलेली बोटं एकाच बेल्जियन माणसाच्या कडीशी झटत होती.

भारतात ही रायफल आली ती पुण्यामार्गे, आणि तीही रीतसर नव्हे. 1958 मध्ये खडकीत आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट स्थापन झाली. नाव उच्चारेपर्यंत युद्ध संपेल म्हणून सगळे तिला एआरडीई म्हणतात. पुढे 1966 मध्ये ती पाषाणला गेली. मारुंजीहून पुण्यात शिरणारे आयटीवाले तिच्या परिसरावरून रोज ट्रॅफिकला शिव्या देत जातात आणि आपण एका रायफलीच्या माहेरावरून चाललो आहोत हे त्यांना कोणी सांगत नाही. एफएनशी परवान्याची बोलणी झाली, पण रॉयल्टी आणि बेल्जियन तंत्रज्ञांची देखरेख या अटींवर ती अडली. मग पुण्याच्या मंडळींनी बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन असे तिन्ही नमुने टेबलावर घेतले, स्क्रू न् स्क्रू खोलला आणि त्यातून आपली 1ए1 रायफल बेतली, म्हणजेच जवानांची एसएलआर. बेल्जियमला हे कळल्यावर कोर्टाची भाषा झाली. शेवटी भारताने एफएनकडून काही हत्यारं विकत घेऊन ते प्रकरण मिटवलं. व्यवहारात हे फारच पुणेरी झालं: शिकवणी नाकारायची, वही बघून लिहायचं आणि मास्तरांनी आवाज चढवला की त्यांच्या दुकानातून चार वस्तू घ्यायच्या.

या पद्धतीचा एक परिणाम असा की पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ही रायफल घराण्यात कुणाशीच पूर्ण जुळेना. बेल्जियन रायफलीचे सुटे भाग तिला नीट बसत नाहीत, ब्रिटिश रायफलीचेही सगळे बसत नाहीत. स्वभाव स्वतंत्र. लांबी पावणेचार फुटांच्या आसपास, वजन रिकामी असताना सव्वाचार किलोच्या वर, मॅगझिनमध्ये 7.62 मिलिमीटरची वीस काडतुसं. 1962 मध्ये चीनसमोर थ्री-नॉट-थ्री घेऊन उभ्या राहिलेल्या लष्कराला ती त्या दशकात मिळत गेली आणि 1971 च्या युद्धात ती जवानांच्या हातात होती. कडी मात्र तिने जशीच्या तशी उचलली होती.

ही कडी शिकवायची म्हणजे एक स्वतंत्र शास्त्र झालं आणि ते शास्त्र हिंदीत होतं. साताऱ्याचा, कोल्हापूरचा, मुळशी-मावळचा पोरगा भरती झाला की त्याला पहिल्या काही आठवड्यांतच कळे की रायफलीचं 'खोलना-जोडना' असतं, साफ करायच्या कापडाच्या तुकड्याला 'चिंदी' म्हणतात, रायफल अडकली की ती 'रुकावट' असते आणि शिकवणाऱ्याला सर न म्हणता 'उस्ताद' म्हणायचं. एनसीसीच्या मुलांनीही हेच गिरवलं. पुण्यातल्या कॉलेजांतून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेले कित्येक गृहस्थ आज ताळेबंदातल्या नोंदी विसरले असतील, पण नळी साफ करायचा पुलथ्रू कुठून घालायचा हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात.

गॅसची रुकावट हा त्यातला मानाचा धडा. रायफलीला तिचा नंबर लावायचा तो असा: आधी खिडकी मोठी ठेवायची, गोळी झाडायची, पुंगळी अडते का पाहायचं, मग एकेक नंबर घट्ट करत रायफल न अडखळता चालू लागेपर्यंत यायचं. चालू लागली की तिथे थांबायचं नाही. आणखी दोन नंबर घट्ट करायचे. का? तर आज रेंजवर ऊन आहे, रायफल साफ आहे, उस्ताद बघतोय. उद्या ते असेलच असं नाही. लढाईच्या मध्येच रायफल गॅसअभावी अडली तरी उपाय तोच: दोन नंबर घट्ट आणि पुढे चालू. इतका आटोपशीर उपाय लष्कराच्या बाहेर फारसा आढळत नाही. महाराष्ट्रात कुठलीही समस्या दोन नंबरांत सुटत नाही. तिला आधी समिती लागते.

प्रत्येक रायफलीचा नंबर वेगळा, ही या शास्त्रातली खरी गंमत. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन रायफलींचंही याबाबत एकमत नसे. लष्कराला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त आवड असते, त्या एकसारखेपणालाच ही कडी सुरुंग लावणारी होती. शंभर जवान रांगेत उभे, शंभर जोड्या बूट सारखे चकचकीत, शंभर टोप्या एकाच कोनात, शंभर दाढ्या सारख्याच गुळगुळीत, आणि पाहणीला आलेल्या साहेबाने खाली वाकून बघितलं तर कडीवर कुणाचा तीन, कुणाचा चार, कुणाचा साडेतीनच्या आसपास कुठेतरी. हे सुधारायचं नसतं, हे मान्य करायला साहेबाला किती कष्ट पडत असतील याची कल्पना परेड पाहिलेल्या कुणालाही करता येईल.

कडीच्या पुढे आणखी एक पुर्जा होता, गॅस प्लग. तो एका बाजूने बसवला की वायू पिस्टनकडे जातो; उलटा बसवला की वायूची वाट पूर्ण बंद. ही सोय रायफलीच्या तोंडावरून ग्रेनेड उडवण्यासाठी होती, कारण तेव्हा वायूचा कणही वाया घालवायचा नसतो. पण साफसफाईनंतर घाईत जोडाजोडी करताना प्लग उलटा बसला की सेव्हची आधुनिक, स्वयंभरण करणारी, नव्वद देशांनी गौरवलेली रायफल एक गोळी झाडून गप्प बसते आणि प्रत्येक गोळीला हाताने कॉक करायला लावते. एका पुर्ज्याच्या फरकाने जवान थेट आजोबांच्या थ्री-नॉट-थ्रीच्या काळात पोचतो, आणि उस्ताद त्याला तिथून परत आणतो. कोणत्या शब्दांत, ते छापता येत नाही.

जगातल्या बंदूक बनवणाऱ्यांचे इथे दोन पंथ पडतात. एक म्हणतो, सैनिकाच्या हातात कडी द्या, तो शहाणा आहे. दुसरा म्हणतो, कडी दिलीत तर तो ती फिरवणार.

सोव्हिएत संघाने आधी पहिला पंथ धरला. तोकारेवच्या एसव्हीटी-40 रायफलीला पाच सेटिंगचा रेग्युलेटर होता आणि तो फिरवायला वेगळं अवजार लागे. ते अवजार, ती पाच भोकं आणि दोन-चार आठवड्यांच्या प्रशिक्षणावर आघाडीवर पाठवलेला शेतकऱ्याचा मुलगा यांचा मेळ बसेना. ज्यांना नीट शिकवलं होतं त्या सैनिकांच्या हाती तीच रायफल छान चाले. पुढे मिखाईल कलाश्निकोव्हने हा वादच मिटवला. त्याच्या रायफलीत फिरवायला काही ठेवलंच नाही. वायू मुळातच गरजेपेक्षा भरपूर घेतला, भागांमध्ये सैल जागा ठेवली आणि धूळ, चिखल, थंडी, आळस या सगळ्यांवर त्या जादा वायूने मात केली. किंमत म्हणून पुंगळ्या दूरवर उडतात आणि रायफल हातात जोरात हलते. कलाश्निकोव्हचा माणसावर विश्वास कमी होता असं म्हणता येईल, किंवा त्याने माणसं जास्त पाहिली होती असंही.

मधला मार्गही सोव्हिएत संघानेच काढला. द्रागुनोव्ह या नेमबाजांसाठीच्या रायफलीला दोनच सेटिंग आहेत आणि ती बदलायला अवजार म्हणून काडतुसाची कडच वापरायची. ही रायफल भारतीय लष्करातही आहे. अवजार हरवलं तर काय, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. काडतुसंच हरवली असतील तर सेटिंगची चिंता करण्यात तसाही अर्थ नसतो.

अमेरिकेने यूजीन स्टोनरच्या एम-16 मध्ये कडी दिली नाही आणि कलाश्निकोव्हसारखा सैलपणाही दिला नाही. मग 1960 च्या दशकात कुणीतरी काडतुसातली दारू बदलली. नवी दारू भोकाशी जास्त दाब देणारी आणि जास्त काजळी धरणारी निघाली, रायफलीचा वेग वाढला आणि व्हिएतनामच्या दमट जंगलात रायफली अडू लागल्या. 1967 मध्ये अमेरिकी संसदेची एक उपसमिती याची चौकशी करत बसली होती. रायफल साफ करण्याचं साहित्यही सैनिकांना पुरेसं दिलेलं नव्हतं. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला होता. ईशापूरच्या रायफलीबरोबर निदान चिंदी तरी मिळत असे.

भारतात दुसरी फेरी पुन्हा पाषाणलाच झाली. 1980 च्या दशकात एआरडीईने 5.56 मिलिमीटरची इन्सास रायफल घडवायला घेतली. कलाश्निकोव्हचा पिस्टन आणि फिरणारा बोल्ट त्यांनी घेतला, कारण तो चालतो. कॉक करायची मूठ जर्मन पद्धतीने डाव्या बाजूला आणली. आणि गॅस रेग्युलेटर? तो एफएएलचा. म्हणजे ज्या रायफलीचा मुख्य गुण 'फिरवायला काहीच नाही' हा होता, तिच्या पोटावर पुणेकरांनी फिरवायची कडी परत बसवली. चालणाऱ्या गोष्टीत आपली एक सूचना घातल्याशिवाय सही करायची नाही, या शिस्तीला धरूनच ते झालं. तीन गोळ्यांचा बर्स्ट आणि आत किती काडतुसं उरली ते दिसावं म्हणून पारदर्शक मॅगझिन, हेही त्यात होतं. 1998 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास राजपथावर दिसली.

पुढच्याच वर्षी कारगिल. तिथल्या थंडीत मॅगझिनला तडे जात असल्याच्या, रायफल अडत असल्याच्या आणि तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडत असल्याच्या तक्रारी आल्या. यातल्या काही त्रुटी पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्त झाल्या, आणि वीस वर्षं इन्सास हीच लाखो जवानांची रायफल राहिली. मॅगझिनला तडे गेल्यावर दोन नंबर घट्ट करून काही होत नाही, हे मात्र पाषाणला त्या उन्हाळ्यात पक्कं कळलं.

इकडे अमेरिकेत उलटाच प्रकार सुरू झाला. स्टोनरने जी कडी दिली नव्हती, ती आता हौशी लोक बाजारातून विकत आणून नागरी एआर-15 रायफलींवर स्वतः बसवतात. तिला ते ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक म्हणतात. कारण बहुधा सायलेन्सर. तिथे तो परवान्याने मिळतो, आणि तो बसवला की वायू नळीत जास्त वेळ कोंडून राहतो, भोकातून जास्त वायू आत येतो, बोल्ट धाडधाड चालतो आणि काजळीचा धूर थेट झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. मग वायू कमी करायचा. त्यासाठी गॅस ब्लॉकवर एक बारीकसा ॲलन स्क्रू असतो. तो आवळला की भोक बुजतं आणि गॅस कमी होतो. म्हणजे एसएलआरच्या बरोब्बर उलट! साठच्या दशकातला भारतीय हवालदार अमेरिकेतल्या एखाद्या रेंजवर अवतरला, रायफल अडलेली पाहून सवयीने म्हणाला, "दोन नंबर घट्ट कर," तर उरलासुरला गॅसही बंद होईल.

या हौशी मंडळींचं शनिवार-रविवारचं जीवन पाहण्यासारखं आहे. स्क्रू पाव फेरा ढिला, एक गोळी. आणखी पाव फेरा, एक गोळी. बोल्ट शेवटच्या गोळीनंतर मागे अडकून राहतो का, पुंगळी कुठल्या कोनात आणि किती फुटांवर पडते, याची वहीत नोंद. धक्का थोडासा मऊ झाला म्हणून समाधान. मग जानेवारीत बर्फ पडल्यावर तीच रायफल अडते, कारण ती जुलैतल्या उन्हात 'अगदी नेमकी' लावलेली असते, आणि वरचे दोन नंबर कुणी ठेवलेले नसतात. शिवाय काही महिन्यांत काजळीने स्क्रू जागच्या जागी असा चिकटतो की 'ॲडजस्टेबल' हा शब्द फक्त खोक्यावर उरतो. काही कंपन्यांनी अलीकडे वायू अडवण्याऐवजी जादाचा वायू पुढून बाहेर सोडून देणारे ब्लॉक नव्या शोधाच्या थाटात आणले. सेव्हने ती खिडकी पन्नासच्या दशकात उघडली होती. ॲडजस्टेबल गॅस ब्लॉकसाठी प्रसिद्ध असलेल्या एका अमेरिकी कंपनीचं नावच एसएलआर रायफलवर्क्स आहे. ईशापूरशी तिचा काही संबंध नाही.

मारुंजीकराला हे सगळं करून पाहायचं असेल तर काय? तर काही नाही. शस्त्र नियम 2016 नुसार सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि 7.62 चं लष्करी काडतूस झाडणारी कुठलीही रायफल ही सर्वांत कडक वर्गात मोडते. तिचा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळत नाही. विषय थेट दिल्लीत गृह मंत्रालयाकडे जातो, आणि बहुतेक वेळा तिथेच मुक्कामाला राहतो. साध्या हत्याराचा अर्ज मारुंजीहून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात जाईल, कारण 2018 पासून हा भाग तिकडे आहे. 'गरज काय?' या रकान्यात 'पुंगळी किती फुटांवर पडते ते मोजायचं आहे' असं लिहून चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे संग्रहाचा छंदही संपला. मुळशीत जमिनीला भाव आल्यावर कमरेला रिव्हॉल्व्हर लावण्याची हौस काही जणांना झाली, आणि 'मुळशी पॅटर्न' या 2018 च्या चित्रपटाने तो सगळा थाट पडद्यावर आणला. पण रिव्हॉल्व्हरमध्ये वायू चोरण्याची व्यवस्थाच नसते. फिरतं ते फक्त चक्र, आणि तेही मालकाच्या बोटाच्या जोरावर.

कायदेशीरपणे वायूचा दाब नियंत्रित करणारी रायफल पाहायची असेल तर मारुंजीपासून जवळच, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात जावं. दहा मीटर एअर रायफलमध्ये साडेचार मिलिमीटरचा छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो. नळकांड्यात हवा भरलेली असते सुमारे दोनशे बार दाबाने. नळकांडं रिकामं होत जातं तसा दाब उतरतो, तरी प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने सुटावा म्हणून आत एक रेग्युलेटर बसवलेला असतो. खेळाडू त्याला हात लावत नाहीत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच बालेवाडीत सराव करून पॅरिसला गेला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेऊन आला. त्याच्या पॉइंट टू-टू रायफलीत वायूची चोरी नाही, पुंगळी आपोआप उडत नाही. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानेच उघडायचा. ऑलिंपिकमध्ये गॅसच्या नंबरावरून वाद नसतो, हे त्या खेळाच्या शांततेचं एक कारण असावं.

लष्कर आता पंथ बदलत आहे. 2021 च्या कराराने उत्तर प्रदेशातल्या कोरवा इथे 6,01,427 एके-203 रायफली बनायच्या आहेत. कलाश्निकोव्हचं घराणं, म्हणजे फिरवायला काही नाही. पाषाणही गप्प बसलेलं नाही. 2024 च्या जानेवारीत एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर 'उग्रम' ही 7.62 ची रायफल पुढे आणली. वजन चार किलोच्या आत, आणि बनवायला शंभर दिवसांहून कमी वेळ लागल्याचं सांगितलं गेलं. पाषाणपासून मारुंजीला गर्दीच्या वेळी जाणाऱ्यांना या वेगाचं विशेष कौतुक वाटायला हवं.

एसएलआर मात्र अजून निवृत्त झालेली नाही. कित्येक राज्यांच्या पोलीस दलांत ती आहे, कोषागारांच्या आणि कैद्यांच्या पहाऱ्यावर ती उभी असते आणि प्रशिक्षण केंद्रांत तिचा धडा आजही घेतला जातो. रुकावट आली की आधी कॉक करून आत बघायचं, मग कारण ठरवायचं आणि गॅस कमी पडत असेल तरच कडीला हात लावायचा, असा त्या धड्याचा क्रम आहे. पण दर तुकडीत एखादा उत्साही गडी निघतोच, ज्याला क्रमापेक्षा उपाय जास्त आवडतो. रायफल थांबते. तो कडी शोधतो, खाड-खाड दोन नंबर आवळतो, चाप ओढतो. काही होत नाही. आणखी दोन आवळतो. कडी शेवटाला टेकते. उस्ताद मागून येऊन शांतपणे त्याचं मॅगझिन काढतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरतो. वीसच्या वीस गोळ्या झाडून झालेल्या असतात.